बुधवारी बंद पडणारी गाडी

गाडीत चढण्याआधी सहाही चाकं हातोडीनं ठोकतो. कान तिरपा करून आवाज ऐकतो.

चहा बशीत ओतत नाही.

विडी ओढत नाही, तरी खिशात दोन काडेपेट्या.

पावतीवर सही करताना पूर्ण नाव लिहितो. तानबा सखाराम थूल. घाई असली तरी.

रस्त्यात बाईमाणसानं हात केला तर थांबतो. एकट्या पुरुषाला घेत नाही.

गाडी सोडून कुठंही जायचं झालं की इंजिनातून काहीतरी काढून खिशात घालतो. काय ते दाखवत नाही.

बुधवारी बोलत नाही.

पहिल्या पंधरवड्यात दिगंबरच्या वहीत एवढं उतरलं होतं. वही कवितांसाठी घेतलेली. पहिल्या तीन पानांवर कविता होत्या. चौथ्या पानापासून तानबा ड्रायव्हर सुरू झाला.

दिगंबर त्याच उन्हाळ्यात नागपुराहून मराठी घेऊन बी.ए. झाला होता. शाळामास्तरकीचा अर्ज टाकून तो आर्वीला काकांकडे येऊन बसला होता. काका म्हणजे प्रभाकरराव. त्यांचं कापसाचं जिनिंग होतं आणि एक गाडी होती. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली गाडी. वरून निळा रंग दिला होता, पण दाराचा टवका उडाला की खालचा पलटणी हिरवा दिसायचा. सत्तावन सालच्या त्या हिवाळ्यात ती सोमवार, बुधवार, शुक्रवार रुईच्या गाठी घेऊन वर्ध्याच्या स्टेशनवर जायची.

एके दिवशी काकांनी त्याला गादीवर बोलावलं.

"तुले मराठी चांगली येते ना?"

"येते."

"मंग एक काम कर. तानबासंगं गाडीवर बस. जे दिसन ते लिहून काढ. कविता करू नको त्याची. जसं हाय तसं लिही."

काकांचा संशय साधा होता. कार्तिकापासून गाडी दर बुधवारी बंद पडत होती. तीही एकाच जागी. खरांगण्याच्या पुढं एक नाला आडवा येतो. त्यावर दगडी रपटा आहे. रपट्यावरून घोटाभर पाणी वाहतं. गाडी पाण्यातून निघायची, चढ अर्धा चढायची, दोनदा खोकायची आणि थांबायची. तासभर तिथंच. वर्ध्याला वॅगन खोळंबायची.

"नाल्यापल्याड कोनाचं गाव हाय? याच्या बहिनीचं. बुधवारी तिथं काय असते? बाजार. सोमवारी गाडी खोकलत नाई, शुक्रवारी खोकलत नाई. बुधवारीच काऊन? तिले काय वार समजते?"

काकांनी एक बोट दुमडलं.

"आजून आयक. मधात तानबाले ताप आलता. दोन बुधवार कवडूनं गाडी नेली. एकदाही बंद पडली नाई. आन् हा म्हन्ते इंजिनातला कंडेन्सर गेला. दीड महिन्यात चार कंडेन्सर! कंडेन्सर हाय का चने-फुटाने?"

कवडू हा जिनिंगमधला दुसरा ड्रायव्हर. एरवी तो प्रेसच्या इंजिनावर असायचा. त्याचा संशय वेगळा होता आणि तो बोलून दाखवायला कुणाला भीत नव्हता. आदल्या वर्षी ऑक्टोबरात तानबा तीन दिवसांची रजा काढून नागपूरला गेला. दीक्षा घेऊन आला. आल्या दिवशी त्यानं ड्रायव्हरच्या डोक्यावरची विठोबाची तसबीर उतरवली. नव्या कोऱ्या फडक्यात बांधली. काकूंच्या हातात दिली.

"बाई, हे तुमच्या देवघरात सोभन. माह्यानं आता होनार नाई."

वच्छलाकाकूंनी ती घेतली. पुढं लटकणारं लिंबू-मिरचीही तानबानं काढून टाकलं.

"देव उतरला तवापासून गाडीचं मन उडालं," कवडू म्हणायचा.

"पण त्यानंतर वर्षभर तर नीट चालली," दिगंबर म्हणाला.

"देव वाट पाह्यते भाऊ. तो काय सरकारी नोटीस हाय, का लगेच लागू होईन?"

तर दिगंबर गाडीवर बसला. त्याला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल करायला हवं. माणसावर नजर ठेवली की माणूस साधं काहीच करत नाही. तानबानं खिसा चाचपला तरी दिगंबरला त्यात काहीतरी दिसायचं. तानबानं बहिणीच्या गावाकडं नुसतं पाहिलं तरी वहीत ओळ पडायची.

तानबा चाळिशीचा. उंच, किंचित वाकलेला. आधी एका लॉरीवर क्लीनर होता. बेचाळीस साली पलटणीत गेला. आसामात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत चार वर्षं काढली. सुटला तेव्हा त्याच्याजवळ एक कागद होता, एक पान्हा होता आणि इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायची विद्या होती. पुढं दहा वर्षं प्रभाकररावांची गाडी. या दहा वर्षांत गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे काकाच सांगायचे. संशय यायच्या आधी.

चौथ्या खेपेला दिगंबरनं धीर करून विचारलं, "तानबाभाऊ, गाडी सोडून जाताना खिशात काय घालता?"

तानबानं खिशातून वस्तू काढून त्याच्या तळहातावर ठेवली. बोटभर लांब, काळी, वर पितळेची पट्टी.

"रोटर. हा काढला का गाडी कोनाच्या बापाले चालू होनार नाई. पलटनीत हुकूमच होता जी. गाडी उभी केली का रोटर खिशात. दुस्मनानं नेऊ नये म्हनून."

"आणि इथं दुश्मन कोण?"

तानबानं त्याच्या वहीकडं पाहिलं. मग रस्त्याकडं.

"तुमी काय लिहिता त्याच्यात?"

"कविता."

"वाचून दाखवा एखांदी."

दिगंबर म्हणाला, अजून पूर्ण झाली नाही. तानबानं मान डोलावली. पुढच्या तीन मैलांत दिगंबरला पहिल्यांदा आपली लाज वाटली. पण संशय काही गेला नाही. लाज आणि संशय दोन्ही त्याच्यासोबत वर्ध्यापर्यंत गेले.

मग तो बुधवार आला.

निघताना तानबानं पुन्हा नवा कंडेन्सर मागितला. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "नाई भेटनार. आज बिना कंडेन्सरची बंद पाडून दाखव. आज जर का नाल्यापाशी उभी राह्यली, तर उद्यापासून गाडी कवडूकडं. आन् मंग गावात मी सांगीन का काऊन."

शेवटचं वाक्य तानबाला लागलं. गाडी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण चोर म्हणून गाडीवरून उतरवलेल्या ड्रायव्हरला आर्वी ते वर्धा कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. त्यातून तो दीक्षा घेतलेला. लोक म्हणायला टपलेलेच होते.

पहाटेचं दव अजून गाठींवरच्या ताडपत्रीवर होतं. खरांगण्यापर्यंत गाडी नीट चालली. रपट्याआधी तानबानं वेग कमी केला, अगदी बैलगाडीसारखी गाडी पाण्यात घातली. पाणी कापत गाडी निघाली. चढाला लागली.

एकदा खोकली.

दुसऱ्यांदा खोकली.

थांबली.

तानबानं ब्रेक ओढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो बसून राहिला. दिगंबरला त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता. हा माणूस नाटक करत असेल, तर मोठा नट आहे, असं त्याच्या मनात आलं. हेही वहीत लिहावं का, असं दुसरं आलं.

"उतरा," तानबा म्हणाला.

त्यानं बॉनेटची झाप उघडली. एका प्लगची वायर उपसली, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून सूतभर लांब धरलं आणि दिगंबरला पुढून हँडल फिरवायला सांगितलं. दिगंबरनं सगळा जोर लावून एक फेरा दिला. वायरीच्या टोकाला पिवळी, बारीक ठिणगी चटकली. दुसऱ्या फेऱ्याला तीही नाही.

"करंट निंघून राह्यला, पन मधातच कुठीतरी मरून राह्यला. असा पिवया नाई, निया पाह्यजे, जाडा पाह्यजे."

मग त्यानं सीटखालून डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात दोन प्लग, पॉइंटचा एक जोड, पॉलिश पेपरचा तुकडा, हातभर वायर, फॅनचा एक पट्टा, सुतळी, साबणाची वडी. साबण पेट्रोलची टाकी गळली तर भोकात दाबायला. प्रत्येक वस्तू वेगळ्या चिंधीत बांधलेली. कंडेन्सरची चिंधी रिकामी होती.

"आता काय करता?" दिगंबरच्या आवाजात काकांचा आवाज आला. त्यालाही तो ऐकू आला.

"आता पाह्यतो. इतके दिवस पाह्यलं नाई जी. कंडेन्सर होता, बदलला, गाडी चालू झाली, मी मोकया. टोपी काढाची, पुसाची, नवा कंडेन्सर बसवाचा. मले वाटे कंडेन्सरनं चालू झाली." तो थांबला. "टोपी पुसल्यानं चालू झाली असन तर?"

टोपी म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं झाकण. काळं, गोल, मुठीएवढं. त्याच्या डोक्यातून सात जाड वायरी निघतात. एकीतून करंट येतो, सहांतून सहा प्लगांना वाटला जातो.

या खेपेला त्यानं टोपीला हात लावला नाही. गाठींवरची ताडपत्री सोडली. उघड्या बॉनेटवर पसरली.

"भाऊ, तुमी आत डोस्कं घाला. ताडपत्री चारीकडून दाबून घ्या. उजेडाचा कन आला नाई पाह्यजे. मी हँडल मारतो. तुमी टोपीकडं पाहा."

दिगंबर जागीच थांबला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तानबाच्या हातात लोखंडी हँडल होतं. पंधरा दिवस आपण या माणसाविरुद्ध लिहितो आहोत, आणि आता त्याच्यासमोर मान वाकवून डोकं अंधारात घालायचं.

तानबाला ते कळलं. तो हसला नाही.

"आसामात असंच पाहो आमी. उजेड केला का वरून बाँब. ताडपत्रीतच रोग सापडे." मग म्हणाला, "भेव वाटत असन तर मी आत जातो, तुमी हँडल मारा. पन मंग जे दिसन ते मीच सांगीन. ते तुमच्या वहीत चालन का?"

म्हणजे त्याला वहीचं ठाऊक होतं. किती दिवसांपासून, हे विचारायची हिंमत दिगंबरला झाली नाही. त्यानं डोकं आत घातलं.

आत ऑइलचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता. काही दिसत नव्हतं. बाहेर हँडल लागल्याचा खटका झाला. इंजिन एकदा कण्हलं.

आणि टोपीवर निळ्या मुंग्या धावल्या.

टोपीच्या मध्यापासून कडेपर्यंत निळी, नागमोडी रेघ चमकली. विझली. पुन्हा हँडल फिरलं, पुन्हा तीच रेघ, त्याच वाटेनं. करंट प्लगांकडं जातच नव्हता. टोपीवरूनच उतरून लोखंडात मुरत होता.

"दिसते का?" बाहेरून आवाज आला.

"दिसतंय! टोपीवरून खाली पळतंय! निळं!"

तानबानं ताडपत्री ओढून टाकली. पितळेच्या दोन कड्या सोडून टोपी उचलली. पुसली नाही. उजेडात धरली. टोपी काळी होती आणि तिच्यावर जे काही होतं तेही काळं होतं. काहीच दिसत नव्हतं. त्यानं ती नाकाशी नेली. त्याचा चेहरा बदलला. मग त्यानं टोपी दिगंबरच्या नाकापुढं धरली.

"कायचा वास हाय?"

"तुम्हीच सांगा."

"मी नाई सांगनार. तुमी सांगा."

दिगंबरनं वास घेतला. ऑइलच्या आत दुसरा वास होता. थंड, ओळखीचा. कापूर, तुळस, जळलेलं लाकूड. रोज सकाळी तो याच वासानं जागा व्हायचा.

"बुक्का," तो म्हणाला. "काकूच्या देवघरातला बुक्का."

तानबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला.

"बुक्का म्हंजे कोयसाच ना जी. कोरडा हाय तवरक काई नाई. नाल्यात पंख्यानं पानी उडवलं, का तो भिजते. भिजला का करंटले रस्ता भेटते." त्यानं टोपी उलटीपालटी केली. "मले कवडूवर सौंशय होता. दोन महिने त्याच्याशी धड बोललो नाई मी."

मग सगळं एकामागून एक उलगडलं. तानबा निघायच्या आधी इंजिनातलं पाणी पाहायचा आणि बॉनेटची झाप उघडी टाकूनच चहा प्यायला जायचा. तेवढ्यात काकू पूजेचं ताट घेऊन फाटकापर्यंत यायच्या. विठोबाचा वार बुधवार. आणि कवडू नेईल त्या दिवशी काकूंना बुक्का लावायची गरज वाटायची नाही. कवडू स्वतःच लिंबू बांधायचा.

तानबानं टोपी कोरड्या फडक्यानं पुसली, खिशातल्या काडेपेट्यांतली एक काढली, काडी पेटवून टोपीच्या आतून फिरवली, ओल घालवली. गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली.

"हे तुम्ही काकांना सांगा," दिगंबर म्हणाला.

"तुमी सांगा. मी सांगतलं तर म्हनतीन, धरम बदलला आन् आता देवाच्या नावानं बोंबलून राह्यला."

टोपीवर करंटनं जाळलेली बारीक रेघ पडली होती. ती पुसून जाणारी नव्हती. म्हणून तानबानं त्याच दिवशी वर्ध्याहून नवी टोपी आणली. गुरुवारी सकाळी तो जिनिंगच्या अंगणात ती बसवायला उभा राहिला. जुनी टोपी काढली. सगळ्या वायरी उपसून पुसल्या. नव्या टोपीत मधली वायर खोचली आणि पुढच्या एकेक बसवू लागला. प्रत्येक वायरीला आपलं भोक असतं. चुकलं की इंजिन उलटं फुटतं. तो तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत होता. दिगंबर शेजारीच उभा होता.

काका आले. मागून काकू आल्या. सरकी काढणाऱ्या रेच्याचे मजूर काम सोडून जमले. दिगंबरनं सगळं सांगितलं. जळकी टोपी काकांच्या हातात दिली. आपण स्वतः ताडपत्रीत डोकं घालून पाहिलं, हे दोनदा सांगितलं.

काकांनी टोपीचा वास घेतला. काकूंकडं पाहिलं.

"तू लावत होती?"

काकूंनी पदर सावरला. "कार्तिकात एका शेटची गाडी उलटली ना घाटात. दोन जीव गेले. मले रात्रभर झोप नाई आली. आपल्या गाडीत देव नाई." त्या तानबाकडं पाहत नव्हत्या. "यानंच मले एकदा सांगतलं होतं, हे इंजिनाचं डोस्कं हाय म्हनून. मी डोस्क्याले लावला. गाडीसाठी नाई हो. याची तीन लेकरं हायेत."

मग कवडू म्हणाला, "मी पाह्यलं होतं बाईले लावताना."

"मंग बोल्ला काऊन नाईस?" काका ओरडले.

"मले वाटलं, चांगलंच हाय ना."

काका हसू लागले. फार दिवसांचं ओझं उतरल्यासारखे हसले. "म्हंजे तू चोर नाईस रे तानबा! हे माह्याच घरचं भूत निंघालं!"

तानबाही हसला. त्यानं आणखी एक वायर बसवली. दिगंबरला वाटलं, झालं. संपलं.

"आता आयक," काका म्हणाले. "बाई इंजिनाले हात लावनार नाई. पन बुधवारचा बुक्का चुकनार नाई. तो तू लावत जाजो. कुठी लावाचा न् कुठी नाई, ते तुलेच समजते."

तानबाचा हात थांबला.

"माह्यानं नाई होनार, मालक."

"काऊन?"

"मी शपथ घेतली हाय."

"तुह्या कपायाले लाव म्हनून राह्यलो काय मी? गाडीले लाव. गाडीनं थोडीच दीक्षा घेतली!"

मजूर खदखदले. कवडूही. काकू घाईनं म्हणाल्या, "मी लावीन की बाहेरून. जाळीवर लावीन. त्याले कशाले..."

पण आता ते बुक्क्यापुरतं राहिलं नव्हतं. अंगणात पंधरा माणसं होती आणि मालकाचा शब्द पडला होता.

"बाई नाई. त्यानंच उतरवला ना देव? मंग त्यानंच लावाव."

तानबा शांतपणे म्हणाला, "गाडी तुमची हाय मालक. हात माहा हाय."

"मंग त्या हाताले दुसरीकडं काम पाह्य."

काका बोलून गेले. बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. ते काकूंकडं वळले, कवडूकडं वळले, पुन्हा तानबाकडं. शब्द काही परत घेतला नाही.

तानबानं फडकं घेतलं. एकेक बोट पुसलं. बिस्किटांचा डबा सीटखालून काढला, बगलेत धरला. काकूंना वाकून नमस्कार केला नाही, हात जोडले. दिगंबरजवळून जाताना म्हणाला, "हे पन लिहा भाऊ. जसं हाय तसं."

तो फाटकाबाहेर पडला. कोणी हाक मारली नाही. दिगंबरलाही मारता आली नाही.

कवडू पुढं झाला. इंजिनावर वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

"भाऊ, तुमी बाजूले होते ना? कोनती कुठी जाते?"

दिगंबरनं टोपीकडं पाहिलं. एक, पाच, तीन. तानबा पुटपुटला तेवढं त्यानं ऐकलं होतं. पुढचे आकडे तानबाच्या तोंडातच राहिले होते. टोपीत तीन भोकं रिकामी होती आणि तीन वायरी मडगार्डवर लोंबत होत्या.